अप्पांची कोरी बशी

सिद्रामअप्पांच्या घरी चहा मिळतो, पण बशी मिळत नाही. वाफाळता कप हातात देतात आणि वर सांगतात, "अक्का, जरा दमानं. तोंड भाजंल. बश्या समद्या कामात हायेत."

आमच्या भागात हे साधं बोलणं नाही. उमरग्याच्या अलीकडं हमरस्ता सोडून सात-आठ किलोमीटर आत आलं की आमचं गाव लागतं, आणि या गावात चहा कपातून पिणारा माणूस एक तर साहेब असतो नाही तर घाईत असतो. बाकी सगळे बशीत ओतून, फुंकर घालून, आवाज करून पितात. अशा ठिकाणी एका माणसाच्या घरात चोवीस बश्या असाव्यात आणि पाहुण्याला एकही मिळू नये, ही गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. चोवीस मी स्वतः मोजल्या आहेत. बारा खाली आणि बारा त्यांच्यावर उपड्या. सगळ्या एका जुन्या लोखंडी पेटीत, एका पिवळ्या बल्बच्या उबेला ठेवलेल्या असतात.

मी या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. मूळची येडशीची. चार वर्षांपूर्वी बदली होऊन इथं आले तेव्हा गावानं मला डॉक्टरीणबाई केलं आणि अप्पांनी अक्का केलं. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे थोरल्या बहिणीला इथं अक्का म्हणतात. अप्पा सत्तरीला टेकलेले आणि मी अजून चाळिशीचीही नाही, पण तो विचार त्यांनी कधी केलेला दिसला नाही.

आमची ओळख खरवसामुळे झाली. म्हणजे तो खरवस नव्हता, हे नंतर कळलं.

मी रुजू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी एक ताठ म्हातारा दवाखान्यात आला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतर स्वच्छ, शर्टाच्या खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं. हातात रुमालानं झाकलेली बशी. मी आत एका शेळीला सलाईन लावत होते. बाहेर आमचा परिचर नरसिंग होता. नरसिंग खाण्याच्या बाबतीत कुणाला नाही म्हणत नाही. त्यानं रुमाल उचलला, आत पांढरं, थरथरणारं, मऊसूत काहीतरी दिसलं. गाय नवी व्यायली असेल, नव्या बाईंना खरवस आणला असेल, असं समजून त्यानं बोट घातलं. बोट तोंडापर्यंत गेलं होतं तेवढ्यात म्हातारा ओरडला, "आरं ठिव! खरवस न्हाय त्यो, दगडी हाय दगडी!"

नरसिंगनं त्या दिवशी अकरा वेळा चुळा भरल्या. अजूनही त्याच्यासमोर खरवस ठेवला तर तो आधी विचारतो, कुणाच्या घरचा आहे.

दगडी म्हणजे कासदाह. दुभत्या जनावराच्या कासेत जंतू शिरतात, कास सुजते, तापते आणि हाताला दगडासारखी लागते, म्हणून दगडी. दुधात गाठी येतात, कधी रक्त येतं. वेळेवर उपचार झाला नाही तर सड, म्हणजे आचळ, कायमचा मरतो, कधी जनावरही जातं. गुरांच्या डॉक्टरचा निम्मा दिवस या रोगात जातो. अप्पांचा अख्खा दिवस जायचा.

तर त्या बशीत होतं काय? चायना ग्रासची जेली, त्यात बटाटा उकडलेलं पाणी आणि थोडी साखर, आणि तिच्यावर दगडी झालेल्या एका म्हशीच्या दुधाचा हात फिरवलेला. मधोमध टीपकागदाच्या गोल टिकल्या, फाईलला भोक पाडायच्या मशीननं पाडलेल्या. प्रत्येक टिकली वेगळ्या पाल्याच्या रसात बुडवलेली. अप्पांनी लाल पेनानं एक टिकली दाखवली. तिच्याभोवती जेली स्वच्छ होती, आणि त्याबाहेर सगळीकडं जंतूंचा पांढुरका थर धरला होता.

"खळं पडलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "चांदाला पडतंय बगा, तसं. ह्या रसापाशी जंतू येत न्हाईत. कडुनिंब हाय."

मला हे कॉलेजात शिकवलं होतं. काचेच्या तबकड्या, निर्जंतुक खोली, पांढरे कोट. चहाच्या बशीत हे कुणी करून दाखवेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "आणि हे खळं रसामुळेच पडलं कशावरून? नुसत्या ओल्या कागदामुळे पडलं असेल."

अप्पांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांच्या घरच्या माणसाची खुशाली विचारली. धोतराच्या सोग्यातून त्यांनी दुसरी बशी काढली. त्यात तसंच दूध फिरवलेलं, पण टिकली नुसत्या पाण्यात भिजवलेली. खळं नव्हतं. "ही कोरी बशी," ते म्हणाले. "कोरी बशी ठिवल्याबिगर म्या तोंड उघडत न्हाय."

कोरी बशी आणि खळं. या दोन शब्दांवर अप्पांचा संसार चालतो.

अप्पा गावच्या हायस्कुलात विज्ञानाच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. नोकरीभर त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रयोग मुलांनी केले, मार्क मुलांना पडले आणि फुटलेल्या नळ्यांची बोलणी अप्पांना बसली. स्वतःच्या हातानं एक प्रयोग करायची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, आणखी काही हवंय का. अप्पांनी कोऱ्या जर्नलांचा गठ्ठा मागितला. लोकांना वाटलं नातवंडांसाठी. अप्पांना मूलबाळच नाही, हे त्या गडबडीत कुणाला आठवलं नाही.

त्या जर्नलांमध्ये अप्पा प्रत्येक बशीची नोंद करतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सगळं मुलांच्या जर्नलातल्या क्रमानं, डाव्या पानावर आकृती. याच क्रमानं ते बोलतातही. शेजारच्या घरात नवरा-बायकोचं भांडण पेटलं की अप्पा भिंतीवरून डोकावून शांतपणे विचारतात, "पैल्यांदा उद्देश सांगा. भांडायचा उद्देश काय हाय?" बहुतेक वेळा कुणालाच उद्देश आठवत नाही आणि भांडण मिटतं. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून गल्लीत अनोळखी बायका म्हणायच्या, एकटा म्हातारा, पण वरण किती लागतंय बघा. त्यात वरण नसायचं. बश्या उकळत असायच्या.

कोऱ्या बशीनं त्यांनी गावातली बरीच माणसं दुखावली आहेत. कुणी म्हणालं की अमक्या मठातला अंगारा लावला आणि पोराचा ताप उतरला, की अप्पांचा प्रश्न तयार, "अन् न लावता कितीजणांचा उतरला? कोरी बशी कुठाय?" एकदा मी त्यांना पकडलं. म्हटलं, "अप्पा, तुम्ही रोज विभूती लावता, तिची कोरी बशी ठेवलीत का?"

"ठिवली की," अप्पा म्हणाले. "विभूतीला खळं न्हाय पडत. म्या बघितलंय."

"मग लावता कशाला?"

"ती देवासाठी हाय, जंतूसाठी न्हाय. दोनी एका बशीत कालवायचं न्हाय, अक्का."

 

त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. कोरफड, निर्गुडी, तुळस, शेवगा, कुंपणाला घाणेरी, आणि परसात एक सीताफळ. प्रत्येकाचा रस काढून बशीत घालून झालाय. यातून त्यांनी एक लेप पक्का केला. कोरफडीचा गर, हळद आणि चिमूटभर चुना. हा लेप काही त्यांचा शोध नाही, आमच्या प्रशिक्षणातही त्याची माहिती देतात. पण अप्पांचं म्हणणं, लेप ताजा वाटायचा, कास धुऊन, दूध काढून टाकून लावायचा, आणि दिवसातून दहा वेळा लावायचा. "धा म्हंजे धा. नऊ येळा लावून मला बोल लावायचा न्हाय."

मला आधी हे थोतांड वाटलं. मी इंजेक्शनवाली. पण हळूहळू दिसायला लागलं की नुकतीच लागलेली, ताप नसलेली दगडी या लेपानं पुष्कळदा उतरते. शिवाय प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं की काही दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं आणि लोक तरी घालतात, ही भानगड यात नाही. मग मी हलक्या केसेस अप्पांकडं पाठवायला लागले. बदल्यात अप्पा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांच्या तळाचा थेंब मागून न्यायचे. "तुमच्या औषधाची बी परीक्षा घ्यायला पायजे," म्हणायचे. मी हसून द्यायचे. म्हाताऱ्याची हौस, असं मनात म्हणायचे.

या सगळ्यात चायना ग्रासचा मान सायराबीचा आहे. सायराबी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडं राहणारी बाई. घरात ती, तिची सासू आणि लाली नावाची एक संकरित गाय. लालीची आई वेतात मेली, तेव्हा सायराबीनं वासराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. लाली तिच्या आवाजाशिवाय पान्हा सोडत नाही. अप्पांची सुरुवातीची जेली इथल्या उन्हात वितळून जायची. एकदा रमजानमध्ये सायराबीनं त्यांना चायना ग्रासच्या वड्या पाठवल्या. अप्पांनी एक खाल्ली, एक उन्हात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले. वितळली नाही. दुसऱ्या दिवशी ते सायराबीच्या दारात हात जोडून उभे. तिला वाटलं, वडी लई आवडली.

आता मिठाची गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही.

आमच्याकडं गाईची कास सुजली की पहिला संशय नजरेवर. कुणीतरी भरल्या कासेकडं बघितलं, दृष्ट लागली. मग मीठ-मिरच्या उतरवायच्या. हिंदू-मुसलमान सगळ्या घरांत हेच. अप्पांना एके दिवशी वाटलं, लोक इतकं करतात तर याची तरी परीक्षा न करता वाईट का बोलायचं? शेजारणीनं म्हशीवरून उतरवलेलं मीठ ते मागून घेऊन आले, पाण्यात विरघळवलं, टिकली भिजवली, बशीत ठेवली.

खळं पडलं. चांगलं मोठं पडलं.

अप्पा खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. जे दिसलं ते पारावर जाऊन सांगितलं. "माझ्या मनात न्हवतं, पर खळं पडलंय. उतरलेल्या मिठाला खळं पडलंय." पारावरची मंडळी खूश झाली. आजवर हाच माणूस कोरी बशी, कोरी बशी म्हणून डोकं खात होता, आता त्याच्याच बशीनं दृष्ट खरी ठरवली. दुपारपर्यंत बातमी घराघरांत गेली.

मला नरसिंगनं सांगितलं. मी तशीच गाडी काढून अप्पांकडं गेले. ते जर्नल लिहीत बसले होते.

"अप्पा," मी म्हटलं, "न उतरवलेल्या मिठाची बशी कुठाय?"

लाल पेन हातातच राहिलं.  अप्पा उठले, फडताळातल्या बरणीतलं साधं मीठ काढलं आणि पाण्यात विरघळवायला लागले.  मीठ एवढं घट्ट कालवलं तर कुठलाही जंतू जवळ येत नाही, त्याला म्हशीवरून उतरवायची गरज नसते. दुसऱ्या दिवशी बरणीतल्या मिठालाही तेवढंच खळं पडलं. अप्पा बशी घेऊन पारावर गेले आणि सांगितलं, "निरीक्षण खरं व्हतं, अनुमान चुकलं. कोरी बशी ठिवली न्हवती. माझी चूक."

ते कुणीही ऐकलं नाही. पहिली बातमी लोकांना हवी होती, दुसरी नको होती. पुढचे काही दिवस दवाखान्यात कासेची एकही केस आली नाही आणि मला कळायला हवं होतं की हे चांगलं लक्षण नाही.

मग एका सकाळी सायराबी धावत आली. लालीच्या दुखण्याच्या चौथ्या दिवशी.

"डॉक्टरबाई, लाली उठंना. तीन दिन मीठ उतारी मैं. अप्पा बोले थे म्हणून उतारी. आज तर बसूनच हाय, पाणी बी पीत न्हाय."

लालीला सडकून ताप होता. कासेचे दोन सड तापून टणक झाले होते, पिळल्यावर दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि गाठी आल्या. हे आता लेपाचं काम नव्हतं. मी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, तापाचं औषध दिलं, दुधाचा नमुना घेऊन धाराशिवच्या प्रयोगशाळेत पाठवला. कोणतं औषध लागू पडेल ते तिथं कळतं, पण त्याला काही दिवस लागतात. तोवर आपल्या अनुभवावर चालायचं. सायराबी लालीच्या मानेला हात लावून बसली होती आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत होती.

अप्पा आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "सायराबी," ते म्हणाले, "मिठाचं म्या सांगितलं. चूक माझी हाय."

"जाऊ द्या अप्पा. तुम्ही थोडी बोलले होते की डॉक्टरकडं जाऊ नका म्हणून."

"बोललो न्हाय. पर तसंच झालं." मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "अक्का, जरासं दूध घिऊ का?"

मी वैतागले होते. मी म्हटलं, "घ्या, पण लेपबीप लावून आता काही होणार नाही."

"जंतूला न्हाय होणार, ठावं हाय. पर कास तापलीया. थंडावा तर भेटंल."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अप्पांनी दहा-दहा वेळा येऊन लेप लावला. मी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन दिलं. लालीचा ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मान जमिनीला टेकवली, तेव्हा सायराबीच्या सासूनं मला विचारलं, ही जाणार का, आणि मी तिला खरं उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडला तर अप्पा पायरीवर बसलेले. शेजारी स्टीलचं ताट, ताटात बश्या. त्यांनी एकेक झाकण काढलं.

"ही कोरी, नुसती जेली. सोच्छ हाय. ही दुसरी कोरी, दूध फिरवून पाण्याची टिकली. जंतू भरून आल्यात." मग त्यांनी तिसरी बशी पुढं केली. "ही तुमच्या इंजेक्शनची. खळं न्हाय, अक्का."

मी वाकून बघितलं. नव्हतं. टिकलीच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढले होते.

"ह्या माझ्या." त्यांनी तीन बश्या पुढं सरकवल्या. कोरफड-हळद, कडुनिंब, निर्गुडी. "माझ्या बी न्हाय. एकीला बी न्हाय." इतकी वर्षं ज्या पाल्यासाठी या माणसानं पाहुण्याला बशी दिली नाही, त्याच्याबद्दल हे वाक्य त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. आवाजात काही फरक नव्हता. मग शेवटची बशी उघडली. "अन् ही तुमची ती दुसरी बाटली. महिन्यामागं म्हशीला वापरली व्हती, तिच्या तळाचा थेंब म्या ठिवला व्हता."

खळं होतं. रुपयाएवढं.

मी रागावले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. चहाच्या बशीवरून औषध बदलायचं हे मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. जुना थेंब, घरगुती जेली, उबेला एक बल्ब. पण दोन दिवसांत गुण नव्हता, औषध तसंही बदलायचंच होतं. कोणतं, एवढाच प्रश्न होता. आणि माझ्यासमोर दोन कोऱ्या बश्या होत्या, दोन्ही जशा असायला हव्यात तशा. मी कपाट उघडून ती दुसरी बाटली काढली.

पुढच्या दिवशी दुपारी लाली पाणी प्यायली. त्याच्या पुढच्या दिवशी उभी राहिली. चारांतला एक सड गेला, तो परत येणार नाही. मी हे सायराबीला सांगितलं तेव्हा ती रडता-रडता हसली. "तीन तो तीन. खडी तो हुई ना माझी लाली."

प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर आला. बशीत जे दिसलं होतं तेच त्यात होतं. माझं पहिलं औषध निरुपयोगी, दुसरं लागू. मला अप्पांना तो दाखवायची घाई झाली. थोडं ओशाळलेपणही होतं, सगळं सांगायचं तर. दुपारीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला, कप हातात दिला, दमानं घ्या म्हणाले. मी कागद पुढं केला. इंग्रजीतला कागद, औषधांची लांबलचक नावं आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तर अप्पांचं बोट आधीच त्या अक्षरांवरून खाली चाललं होतं.

"आर म्हंजे लागू न्हाय. यस म्हंजे लागू," ते म्हणाले. "तीन यस हायेत. बरं झालं."

हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत असला कागद येत नाही. तिथं जंतू वाढवत नाहीत. "अप्पा, हे वाचायला तुम्ही कुठं शिकलात?" मी विचारलं.

ते उठले. जर्नलांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं काढलं, पहिलं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

प्रयोग क्रमांक एक. उद्देश: कलावतीच्या पायाला कोणते औषध लागू पडते ते पाहणे.

कलावती त्यांची बायको. ती वारली हे मला माहीत होतं. साखर होती, पायाला जखम झाली, सोलापूरला नेलं, एवढंच गावात सांगत. कुणी त्यापुढं विचारलं नव्हतं, मीही नाही.

"दवाखान्याच्या लॅबमधी आमच्या शाळेचा एकजण व्हता," अप्पा सांगत होते. "लई नळ्या फोडायचा. त्यानं मला वळखलं. म्हनला, मामा, आत या, दाखवतो. काचंची बशी व्हती. कलावतीच्या जखमंतला पू फिरवलेला. सात टिकल्या, सात औषधं." त्यांनी डाव्या पानावरच्या आकृतीवर बोट ठेवलं. एक मोठं वर्तुळ आणि त्यात सात लहान. त्यांच्याभोवती काहीच काढलेलं नव्हतं. "त्यो म्हनला, मामा, हितं खळं पडायला पायजे व्हतं. म्या इचारलं, कोरी ठिवली व्हती का? मला वाटलं, पोराचं चुकलं आसंल. शाळंत बी चुकायचं त्याचं."

"मग?"

"ठिवली व्हती. बराबर ठिवली व्हती. चुकलं न्हवतं त्याचं काय."

निरीक्षण: सात टिकल्या. खळे नाही. असं पुढं लिहिलेलं होतं. त्याखाली अनुमान, आणि त्यापुढं काही नाही. इतक्या वर्षांच्या सगळ्या जर्नलांत मी अनुमान रिकामं असलेलं हे एकच पान बघितलं.

मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. म्हणून मी जे बोलू नये तेच बोलले. "अप्पा, दुसरं एखादं औषध असतं, किंवा पाला, तर कदाचित..."

"म्या बी लई दिस त्योच इचार केला," अप्पा म्हणाले. "पाला लावला आसता तर. लवकर नेलं आसतं तर. पर सांगायचं कसं, अक्का? पाला लावलेली एक कलावती अन् न लावलेली एक, आशा दोन पायजेत. माझ्याकडं एकच व्हती. एका बशीवर अनुमान काढता येत न्हाय."

त्यांनी जर्नल मिटलं, ते पुन्हा सगळ्यात खाली ठेवलं आणि लालीच्या पानावर अहवालातलं एकेक अक्षर उतरवून घ्यायला बसले. निळं पेन. शांत, गोल अक्षर.

मला रडू आलं होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी कप तोंडाला लावला आणि चहा एका दमात प्यायले. जीभ चांगलीच भाजली. डोळ्यांतून पाणी आलं.

"भाजलं न्हवं?" अप्पांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"म्या सांगितलं व्हतं, दमानं." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पेटीकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या. उद्यापास्नं एक बशी मोकळी ठिवतो, तुमच्यासाठी."

"नको अप्पा," मी म्हटलं. "बश्या कामात राहू द्या."